लघुनियतकालिके, मराठी : छपाई व मांडणी

रूढ प्रकाशनसंस्थांच्या बाहेर राहून लेखक-चित्रकारांनी पदरमोड करून मोजक्या प्रतींत काढलेली नियतकालिके आणि पुस्तके. अंक निघण्याची तारीख ठरलेली नसे, म्हणून ‘अनियतकालिके’ असेही म्हणतात. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनी १९५४ च्या सुमारास मुंबईत सायक्लोस्टाइलवर काढलेले ‘शब्द’ हा त्यांतला आरंभीचा ठळक प्रयत्न.

सायक्लोस्टाइल स्वस्त पडे. शिवाय त्याची एक वेगळीच सोय होती. शिशाच्या खिळ्यांनी देवनागरी जुळवायची तर काने, मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो तऱ्हांचे खिळे लागत, ते जुळवायला कसबी कंपोझिटर लागे आणि मजकूर सरळ ओळींतच बसवावा लागे. मेणकागदी स्टेन्सिलवर मात्र टोकदार लेखणीने हाताने लिहिता येई, मजकुराशेजारी रेखाटन करता येई, ओळ हवी तशी वळवता येई. काही शे प्रती निघाल्या की स्टेन्सिल निकामी होई. म्हणजे प्रती थोड्या निघण्यात तत्त्वाइतकाच यंत्राचाही वाटा होता!

साठच्या दशकात अशोक शहाण्यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाड्यांचे ‘वाचा’, राजा ढाल्यांचे ‘येरू’ असे अंक निघाले. इंग्रजीत अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी १९६५ मध्ये अलाहाबादहून ‘डॅम यू’ काढले. र. कृ. जोशी यांनी तर अक्षरांच्या आकृतीतूनच कविता घडवल्या.

या चळवळीची बंडखोरी अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली. पानाच्या मांडणीकडे फारसे कोणी वळले नाही. हा अन्याय कोलटकरांच्या बाबतीत विशेष जाणवतो. जे. जे. कलाशाळेत शिकलेले कोलटकर पोटापाण्यासाठी जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शन करत. आदिल जस्सावाला, मेहरोत्रा, गीव पटेल आणि कोलटकर या चार कवींनी १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाऊस’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली, तेव्हा पुस्तकांच्या रूपाची जबाबदारी कोलटकरांकडे आली. तिथूनच निघालेल्या ‘जेजुरी’ला १९७७ चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले. त्याच वर्षी शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आणल्या. शहाणे शुद्धलेखन आणि छपाई यांबाबत कमालीचे काटेकोर. घाईने पुस्तक काढणे या दोघांनाही मान्य नव्हते. कोलटकरांचा पुढचा मराठी संग्रह यायला पाव शतक लागले. ‘प्रास’ने २००३ मध्ये काढलेल्या ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार कवीच्या मृत्यूनंतर मिळाला.