कौल

जुन्या महसुली कागदांत ओसाड गावापुढे एक शब्द लिहिलेला असे : बेचिराग. फारसीत चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही, ते बेचिराग. पुढे बोलता बोलता आपण त्याचं बेचिराख केलं आणि त्यात राख दिसू लागली. मुळात त्या शब्दात जाळपोळ नाही, नुसता अंधार आहे.

खानदेशानं तो अंधार पाहिला आहे. १८०२ मध्ये होळकरी फौजांनी मुलूख लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, मग पेंढारी. १८१८ साली इंग्रजी अंमल बसला तेव्हा गावंच्या गावं ओस होती. धुळे जिल्ह्यातलं पिंपळनेर त्या अमलात तालुका होता. आज तालुक्याचं ठिकाण साक्री आहे.

उठून गेलेला माणूस परत आणायचा कसा? त्यासाठी राज्यकर्त्यांकडे फार आधीपासून एक शब्द होता : कौल. अरबीत कौल म्हणजे बोललेला शब्द, दिलेलं वचन. कव्वाली त्याच मुळातली. घराच्या छपरावरच्या कौलाशी मात्र त्याचं नातं नाही. सुलतानांच्या दफ्तरांतून तो मराठीत आला आणि मराठेशाहीत पक्का रुजला. परागंदा कुणब्याला सरकार कौलनामा लिहून देई : या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग वर्षागणिक चढत जाऊन पूर्ण. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत, म्हणून जोडशब्द कौल-इस्तावा.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. भरल्या खळ्यावर कुणी कौल देत नाही. कौल निघतो तो विहीर आटलेली असताना, बैल विकलेले असताना. तो कागद खरा की खोटा हे पीक आल्यावरच कळणार, आणि पेरणी मात्र आधी करायची. कौल हाती घेऊन स्वस्थ बसलेल्याचं रान पिकत नसे.

हाच शब्द गावानं देवाला दिला. कोकणात आजही देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली पाकळी किंवा तांदूळ उजवीकडे पडला तर होकार. पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या भिल्ल-कोकणी आदिवासी पाड्यांत भगत दाणे पाहतो, आणि मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो, तिथे बोललेला नवस फेडला जातो. रीत वेगळी, पण गाठ तीच : एकानं शब्द द्यायचा, दुसऱ्यानं त्यावर उभं राहायचं. मराठी बायबलातले जुना करार आणि नवा करार हेही याच कुळातले. करार हा अरबी शब्द कौलाचा जुना सोबती, जुन्या कागदांत कौलकरार असा जोडीनं येणारा. देव आणि माणूस यांच्यातल्या वचनाला नाव हवं होतं, तेव्हा मराठीनं हाच व्यवहारातला शब्द उचलला.

सरकारचे कौल मोडल्याच्या तक्रारी जुन्या कागदांत भेटतात. देवाचा कौल मोडला असं खेडूत सहसा म्हणत नाही. पाऊस लांबला की म्हणतो, 'देव शे ना!' अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. कुणी याला भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्यानं कोरड्या जमिनीत बियाणं टाकलंय, त्याचं हे बोलणं आहे.

असे जुने कागद जमवणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच आहे. पिंपळनेर-साक्रीकडच्या ज्या घरांत अजून मोडीतले कागद पेटीत पडून असतील, त्यांनी वाळवी लागायच्या आत ते एकदा तिथे नेऊन वाचून घ्यावेत. त्यात तुमच्या एखाद्या पूर्वजाला मिळालेला कौल असू शकतो.