कढीपत्त्यावरचा बहुरूपी

वसईच्या वाड्यांमध्ये केळी, नागवेल, मोगरा यांच्या जोडीला कढीपत्त्याचे झाड हटकून असते. त्याच्या कोवळ्या पाल्यावर वाढणाऱ्या एका काळ्या फुलपाखराने निसर्गविज्ञानातला एक मोठा वाद दीडशे वर्षे जागता ठेवला, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. इंग्रजीत त्याला कॉमन मॉरमॉन म्हणतात. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटेस. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत ज्या अंगणात कढीपत्ता, लिंबू किंवा बेल आहे, तिथे ते पावसाळ्यात आणि त्यानंतर भेटतेच. नैसर्गिक निवड समजून घ्यायला दूरच्या गॅलापागोस बेटांचा दाखला द्यावा लागत नाही, आपले परसही पुरते, असे मी मानतो. म्हणून हा इतिहास.

चिमाजीआप्पांनी 1739 मध्ये वसईचा किल्ला घेतला. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, 1758 मध्ये, स्वीडनच्या कार्ल लिनिअसने या फुलपाखराला नाव दिले. तेही एक सोडून दोन. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग असलेले ते पॅमन आणि पांढऱ्या डागांसोबत लाल चंद्रकोरी मिरवणारे ते पॉलिटेस. दोन्ही नावे ट्रॉयच्या प्रायम राजाच्या मुलांची. भाऊ म्हणून नोंदवलेली ही जोडी पुढे नवरा-बायको निघाली! पुढे तिसऱ्या एका रूपाला रोम्युलस असे नाव मिळाले आणि ग्रंथांमध्ये तीन जाती झाल्या.

हा गोंधळ आल्फ्रेड रसेल वॉलेस याने निस्तरला. मलाय द्वीपसमूहात आठ वर्षे हिंडून तो परतला आणि 1864 मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीपुढे त्याने निबंध वाचला. ही एकच जात आहे, नर एकाच रूपाचा, मादी मात्र तीन रूपांची, असे त्याने दाखवले. एक मादी थेट नरासारखी. दुसरी कॉमन रोज या फुलपाखरासारखी. तिसरी क्रिमसन रोजसारखी, पुढच्या काळ्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्यांवर लाल ठिपके असलेली. इंग्रजी नावातला ‘मॉरमॉन’ यावरूनच आला, कारण त्या पंथात तेव्हा अनेक बायका करण्याची रीत होती.

मादीने दुसऱ्याचे सोंग का घ्यावे? याचे उत्तर हेन्री बेट्स याने 1862 मध्ये ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून सुचवले होते. आपल्याकडे ते असे लागू पडते. रोज फुलपाखरांच्या अळ्या सापसंद म्हणजेच ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. वेलीतले विष त्यांच्या अंगात उतरते आणि पंख फुटल्यावरही राहते. असे फुलपाखरू एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. कढीपत्त्यावर वाढलेल्या मॉरमॉनच्या अंगात हे विष नसते. ज्या माद्या थोड्याफार विषारी फुलपाखरासारख्या दिसल्या त्या अधिक वाचल्या, त्यांनी अधिक अंडी घातली, लेकींनी आईचे रूप घेतले. पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांची चोच चाळणी लावत गेली आणि साम्य वाढत गेले.

1867 मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. त्याच वर्षी वॉलेसने प्राण्यांच्या संरक्षक रंगांवर आणि सोंगांवर मोठा लेख प्रसिद्ध केला. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली ती 1883 मध्ये. तिच्या संस्थापकांपैकी एक, ‘ईएचए’ या नावाने लिहिणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरीला होता. जेम्स डेव्हिडसनबरोबर त्याने मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोष यांच्यावरची टिपणे 1890 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापली. फुलपाखरू टाचणीला टोचून ठेवण्यापुरता हा छंद राहिला नाही. ते कोणत्या झाडावर वाढते हे पाहण्याची शिस्त इथे रुजली.

त्या शिस्तीने कढीपत्ता पाहिला की दुसरा चमत्कार दिसतो. मॉरमॉनची लहान अळी तपकिरी, मध्ये पांढरट डाग असलेली. पानावर पडलेली पाखराची शीटच वाटते. मोठी झाली की ती हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. कोष हिरवा किंवा तपकिरी असतो, भोवतालचे जसे असेल तसा. एडवर्ड पोल्टन याने 1887 मध्ये इंग्लंडातल्या फुलपाखरांवर प्रयोग करून दाखवले होते, की कोषाचा रंग अळीला लाभलेल्या परिसरावर ठरतो. इथे एक भेद लक्षात ठेवावा. कोषाचा रंग वारशाने येत नाही. परिसर ओळखून रंग बदलण्याची क्षमता वारशाने येते. मादीचे सोंग मात्र जन्मजात असते, ते बदलता येत नाही.

वाद पेटला तो याच मुद्द्यावर. सिलोनमध्ये जे. सी. एफ. फ्रायर याने ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या पाळली आणि 1913 च्या सुमारास दाखवले, की मादीची तिन्ही रूपे मेंडेलच्या नियमांनी, मोजक्या घटकांवरून ठरतात. केंब्रिजच्या रेजिनल्ड पनेटने 1915 च्या आपल्या ग्रंथात त्यावरून डार्विनपंथीयांना कोंडीत पकडले: रूपे एका उडीत पालटत असतील तर हळूहळू साम्य वाढण्याची गोष्ट कशाला? रोनाल्ड फिशरने 1930 मध्ये प्रत्युत्तर दिले. कळ एक असली तरी तिने उमटणारे चित्र आज जितके सुबक आहे तितके पहिल्याच दिवशी होते असे नाही. बाकीची जनुके ते निवडीतून सुधारत नेतात. पुढे क्लार्क आणि शेपर्ड यांचे 1972 चे प्रयोग आले आणि ही कळ म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या अनेक जनुकांची गाठ असावी, हा विचार बळावला.

निकाल लावण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. द्वीपकल्पीय भारताच्या फुलपाखरांवर 2000 साली ग्रंथ लिहिणारे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. ती कळ म्हणजे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक निघाले. कीटकांत नर-मादीतला फरक घडवणे हे त्याचे मूळ काम. त्याच जनुकात अनेक बदल साचले आणि ते एकत्रच पुढच्या पिढीत जातात. म्हणजे पनेटची एकच कळही खरी आणि फिशरचा हळूहळू साचलेला बदलही खरा.

मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? सोंगाडे फार झाले की पक्ष्याच्या चोचीत बिनविषारीच अधिक येतात आणि लाल रंगाचा धाक उरत नाही. सोंग चालते ते अस्सल विषारी भरपूर असतात तोवरच. जपानच्या मियाको बेटावर गेल्या शतकात कॉमन रोज नव्याने स्थिरावले आणि त्यामागोमाग मॉरमॉनच्या सोंगाड्या माद्यांचे प्रमाण वाढले. निवड लाखो वर्षांतच दिसते असे नाही, माणसाच्या आयुष्यातही दिसते.

हे मला वसईच्या संदर्भात अस्वस्थ करते. वाड्या जाऊन इमारती आल्या तरी कढीपत्ता टिकेल, तो गॅलरीतल्या कुंडीतही लागतो. सापसंदाची वेल कोण लावणार? ती कुंपणाच्या झुडपांत आपोआप वाढते, आणि सिमेंटची भिंत आली की जाते. तिच्यामागे रोज फुलपाखरे जातात. मियाकोत जे घडले त्याच्या उलट इथे घडू शकते: मॉरमॉन राहील, पण बहुरूपीपण हरवेल. तुंगारेश्वराच्या अभयारण्यात वेल राहील, तिथे तीही रूपे राहतील; सपाटीवर केवळ नरासारखी मादी उरेल.

असे होईल की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेच्या आवारातल्या कढीपत्त्यावर दरवर्षी कोणत्या रूपाच्या किती माद्या आल्या, एवढे मुलांनी वहीत लिहिले तरी पुरे. पंधरा-वीस वर्षांनी ती वही वसईच्या इतिहासाचे साधन होईल. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात सापसंदाची एक वेल राहू द्यावी, एवढे वाडीवाल्यांना माझे सांगणे आहे.