कॅनीची लढाई : एका विजयाची मर्यादा

रणांगणावर संपूर्ण जय मिळूनही युद्ध हातचें जातें, याचें कॅनीइतकें ठळक उदाहरण इतिहासांत क्वचितच सांपडेल. इ. स. पूर्वी २१६ मध्यें, ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेस, दक्षिण इटलींत ऑफिडस नदीच्या कांठीं ही लढाई झाली. पॉलिबियसच्या मतें रोमनांचें पायदळ सुमारें ८०,००० होतें; हॅनिबॉलपाशीं त्याच्या निम्मेंच होतें, मात्र त्याचे स्वार १०,००० म्हणजे शत्रूहून बरेच अधिक होते.

हॅनिबॉलनें मध्यभागीं गॉल व स्पॅनिश शिपाई कमानीसारखे पुढें काढून उभे केले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस कसलेलें आफ्रिकी पायदळ ठेविलें. रोमनांनीं मध्यभाग रेटला. तो मागें हटत गेला. आंत घुसलेल्या रोमनांस आफ्रिकी तुकड्यांनीं दोन्ही कुशींकडून गांठलें, आणि रोमन स्वारांस उधळून हॅस्ड्रुबलचें घोडदळ त्यांच्या पाठीवर आलें. लिव्हीच्या हिशेबानें ४८,००० च्या आसपास रोमन पडले. पॉलिबियस हा आंकडा ७०,००० पर्यंत नेतो. कॉन्सल पाउलस मारला गेला. दुसरा कॉन्सल व्हॅरो निसटला.

यानंतर हॅनिबॉल तडक रोमवर कां गेला नाहीं, असा दोष त्यास प्राचीन काळापासून देतात. विद्यार्थिदशेंत आम्हींही तो खरा मानीत होतों. आतां तो आम्हांस पटत नाहीं. रोम दूर, तट भक्कम, आणि वेढ्याची सामग्री जवळ नाहीं. शिवाय त्याचा हेतु रोम जाळण्याचा नसून रोमचे दोस्त फोडण्याचा होता. पुढील वर्षीं मॅसिडोनियाच्या पांचव्या फिलिपशीं त्यानें केलेल्या तहांत, पराभूत रोम शिल्लक राहील असेंच गृहीत धरलें आहे.

कापुआ त्यास मिळालें. पण लॅटिन वसाहती हलल्या नाहींत, आणि तेथेंच डाव फसला. सेनेटनें ८,००० गुलाम विकत घेऊन फौजेंत घातले. व्हॅरो परतला तेव्हां, राज्याविषयीं निराश न झाल्याबद्दल त्याचे आभार मानिले. कार्थेजांत अशा सेनापतीस सुळावर चढविल्याचे दाखले आहेत. परंतु याच सेनेटनें खंडणी भरून आपले कैदी सोडविण्याचें नाकारलें, हें विसरतां येत नाहीं. रोमच्या धैर्याची किंमत त्या अभाग्यांनींही भरली.

इ. स. पूर्वी २११ मध्यें कापुआ पडलें, आणि २०२ मध्यें झामा येथें हॅनिबॉल स्वतः हरला. सेनापतीची प्रतिभा एका दिवसांत एक अफाट सेना बुडवूं शकते. पिढ्यान्पिढ्या जोडलेलीं नगरें मात्र एका दिवसांत तुटत नाहींत. कॅनीचा बोध आम्हांस तरी हाच वाटतो.