दुष्काळाचा पैसा, काबूलचा रस्ता

खान्देशचा इतिहास लिहिणारे सहसा परदेशातल्या युद्धांच्या वाटेला जात नाहीत, आणि लष्करी इतिहास लिहिणाऱ्यांना अमळनेर, पारोळा, एरंडोल ही नावे कधी लागत नाहीत. मी बोरीकाठच्या अमळनेराचा आणि माझा विषय या भागाचा आर्थिक इतिहास. कापूस, सारा, दुष्काळी कामे यांचे कागद वाचताना मात्र काबूल, नाताळ, बगदाद ही नावे पुन्हा पुन्हा आडवी येतात. या गावांचा शिपाई तिकडे गेला की नाही, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. इथला पैसा गेला, आणि तो कोणत्या कामासाठी गोळा केलेला होता, हे पाहण्यासारखे आहे.

दूरच्या लढाईने खान्देशचे नेहमी वाईटच केले असे नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात कलेक्टर अॅशबर्नर यांनी हिंगणघाटचे बियाणे खान्देशात रुजवले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि तेजीत काढलेली कर्जे शेतकऱ्याच्या गळ्यात राहिली. पण तो बाजाराचा खेळ होता. त्यात कोणी कोणाला वचन दिले नव्हते. पुढचे प्रकरण वचनाचे आहे.

1876 ते 1878 च्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात 50 लाखांहून अधिक माणसे मेली. दख्खनचा पूर्व भाग सर्वांत जास्त होरपळला, खान्देशाला त्या मानाने कमी झळ लागली. या आपत्तीनंतर व्हाइसरॉय लिटन आणि त्यांचे अर्थसदस्य सर जॉन स्ट्रेची यांनी एक योजना मांडली. दरसाल दीड कोटी रुपये दुष्काळाच्या विम्यासाठी बाजूला काढायचे, म्हणजे चांगल्या वर्षी कर्ज फेडायचे किंवा रेल्वे-कालवे बांधायचे आणि वाईट वर्षी तोच पैसा माणसे जगवायला वापरायचा. त्यासाठी 1878 मध्ये नवे कर आले. मुंबई इलाख्यात व्यापारधंद्यावर परवाना कर बसला, आणि त्याची झळ पेढीवाल्यांइतकीच लहान दुकानदारांना आणि कारागिरांनाही लागली. तापीच्या मुखाशी सुरतेला त्यावरून दंगा उसळला.

कर बसून वर्षही झाले नव्हते, तोच नोव्हेंबर 1878 मध्ये सरकारी फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. 1879-80 च्या अंदाजपत्रकात दुष्काळाची तरतूद स्थगित झाली. कर मात्र चालूच राहिला.

स्ट्रेचींचा बचाव असा होता की दुष्काळ निधी नावाची वेगळी पेटी कधीच नव्हती. होती ती फक्त शिल्लक टाकण्याची तरतूद, आणि युद्धामुळे तूट आली तर शिल्लक कुठून टाकायची? हिशेबाच्या दृष्टीने हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. तिजोरीतल्या रुपयावर कोणाचे नाव कोरलेले नसते. पण परवाना कर भरणाऱ्या दुकानदाराला तो रुपया दुष्काळाच्या नावानेच मागितला होता. शिवाय मार्च 1879 मध्ये, तूट असतानाच, लिटन यांनी आपल्या मंडळाचे बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची आयात जकात उठवली. लँकेशायरसाठी उत्पन्न सोडता येत होते, काबूलसाठी खर्च वाढवता येत होता, आणि काटकसर तेवढी दुष्काळाच्या रकान्यात करायची होती. रशियाच्या भीतीवर कोणी कितीही पाने लिहोत, या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला तो बचाव पटत नाही.

भरीस भर म्हणजे युद्धाचा अंदाजही साफ चुकला. साठ लाख पौंडांच्या आत भागेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात खर्च तिपटीच्या आसपास गेला. इंग्लंडने त्यातले पन्नास लाख पौंड उचलले, बाकीचे ओझे हिंदुस्थानवर राहिले. ग्लॅडस्टन यांनी निवडणुकीच्या प्रचारात या वचनभंगावर टीकेची झोड उठवली. 1881-82 मध्ये तरतूद पुन्हा सुरू झाली आणि 1885 च्या ब्रह्मदेशावरच्या स्वारीनंतर तिला पुन्हा कात्री लागली.

कायदा नव्हता असे नाही. 1858 च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यात 55 वे कलम याच गोष्टीसाठी होते. प्रत्यक्ष आक्रमण किंवा तातडीची निकड सोडली, तर सरहद्दीबाहेरच्या लढाईसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय वापरायचा नाही. कलम चांगले, पण संमती देणारे सभागृह लंडनला आणि पैसे देणारा इथे. 1867 मध्ये ॲबिसीनियाच्या स्वारीसाठी मुंबईहून सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली फौज गेली, तेव्हा पार्लमेंटने संमती दिली आणि शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच माथी राहिला. युक्तिवाद असा की ते इथे असते तरी पगार द्यावाच लागला असता!

या युक्तिवादाचे उत्तर मराठी माणसांनी तयार केले, याचा उल्लेख आपल्याकडे फार होत नाही. सरकारी शाळेत हेडमास्तरकी करणारे गणेश व्यंकटेश जोशी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात आकडेवारीनिशी जमाखर्चावर लिहीत. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या तयारीमागे जोशींची मेहनत होती. दिनशा वाच्छांनीही त्याच आयोगापुढे साक्ष दिली, आणि दादाभाई नौरोजी तर आयोगाचे सदस्यच होते. गाभ्याचा मुद्दा साधा होता: फौज साम्राज्यासाठी पोसायची असेल, तर साम्राज्याने तिचा वाटा उचलावा.

मुद्दा किती खरा होता ते दोनच वर्षांत दिसले. 1899 मध्ये पाऊस गेला. विक्रम संवत 1956, म्हणून छप्पन्नचा दुष्काळ. या वेळी खान्देश सुटला नाही. गुरे मेली, माणसे खडी फोडायला गेली, सातपुड्यातल्या भिल्लांचे हाल तर विचारू नयेत. आधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे दोन लाखांनी वाढली होती, 1901 च्या शिरगणतीत ती थोडी घटलेली दिसते. याच सुमारास सुरतेहून तापीकाठची रेल्वे अमळनेरापर्यंत पोचली. आणि याच महिन्यांत हिंदुस्थानातून हजारो गोरे शिपाई बोअर युद्धासाठी नाताळला, तर 1900 मध्ये देशी पलटणी चीनला रवाना झाल्या. या खेपेला खर्च इंग्लंडने दिला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण एवढी फौज बाहेर असूनही इथे काही बिघडले नाही, याचा अर्थ ती इथल्या गरजेपेक्षा मोठी होती आणि तिचा वर्षानुवर्षांचा पगार दुष्काळी रयत भरत आली होती. हा निष्कर्ष भारतीय टीकाकारांनी लगेच काढला. मार्च 1902 मध्ये गोखले वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले ते याच अंगाने. रयत खंगत असताना सरकारी शिल्लक फुगते, ती समृद्धीची खूण नव्हे, जादा कराची आहे.

पहिल्या महायुद्धाबद्दल थोडक्यात. 1917 मध्ये हिंदुस्थान सरकारने इंग्लंडला दहा कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने 150 कोटी रुपये, युद्धदेणगी म्हणून दिले. सरकारच्या एका वर्षाच्या महसुलाहून ही रक्कम मोठी होती. इथले रूळ उखडून मेसोपोटेमियाला गेले, अनेक नागरी डॉक्टर लष्कराकडे गेले. 1918 मध्ये पाऊस दगावला आणि त्याच वर्षी मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा आत शिरला. एकट्या मुंबई इलाख्यात 10 लाखांहून अधिक माणसे गेली. साथ युद्धाने आणली की नाही यावर वाद होऊ शकतो. ती आली तेव्हा डॉक्टर कुठे होते, यावर होऊ शकत नाही. त्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याची अट घालू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धात मात्र जोशी-गोखल्यांची मागणी जवळजवळ मान्य झाल्यासारखी दिसते. 1939 च्या करारानुसार हिंदुस्थानने आपल्या संरक्षणापुरता खर्च करायचा आणि परदेशातल्या लढाईचा खर्च ब्रिटनने द्यायचा. हिशेब न्याय्य झाला. पण ब्रिटनने पैसे दिले ते लंडनच्या खात्यात, पौंडांत. इथे त्या जमेच्या आधारावर रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या आणि सरकारने त्यांनी धान्य, कापड, लाकूड विकत घेतले. 1939 ते 1945 दरम्यान चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल मात्र बाहेर जात राहिला. 1943 मध्ये बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मेली. कापडावर त्याच वर्षी नियंत्रण आले. आमच्या गावात प्रताप मिल होती, आजूबाजूच्या शेतात कापूस होता, तरी सूत आणि कापड सरकारी नियमांनी बांधले गेले. 1878 मध्ये वहीत खोट होती. 1943 मध्ये वही बरोबर होती आणि कोठार रिकामे होते. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे, कारण सत्तर वर्षे आपण वही दुरुस्त करण्यासाठीच भांडत होतो. घरची गरज भागल्यावर किती माल बाहेर जाईल, हे ठरवण्याचा हक्क त्या भांडणात मागे पडला होता.

लंडनमधली ही जमा युद्धाअखेर सुमारे 130 कोटी पौंडांवर गेली. कर्जदार हिंदुस्थान कागदावर सावकार झाला, पण सावकाराला आपला पैसा हवा तेव्हा काढता येत नव्हता. 1948 च्या जुलैमध्ये स्वतंत्र भारताने ब्रिटनशी तडजोड केली. तीत निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी मोठी रक्कम वळती झाली. शिवाय इंग्रजांनी इथे मागे ठेवलेल्या लष्करी सामानाची किंमत म्हणून आणखी दहा कोटी पौंड त्याच जमेतून कापले गेले. 1917 च्या देणगीचा आकडाही तोच होता.