उपप्रश्नाची कुळकथा

नागपूरच्या विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरले की सभासदांच्या हाती तारांकित प्रश्नांची यादी पडते, आणि तीत मेळघाटातील बालमृत्यूंपासून अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातील पिण्याच्या पाण्यापर्यंत विषय कोणताही असो, भाषा मात्र एकाच साच्याची आढळते: अमुक खात्याचे सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, आणि नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरांचाही साचा ठरलेलाच. ‘होय’, ‘नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘चौकशी चालू आहे’, आणि सर्वांत निर्धास्त असे ‘प्रश्न उद्भवत नाही’. हा व्यवहार एवढ्यावरच आटोपत असता तर त्याची कुळकथा सांगण्याचे कारण नव्हते. परंतु छापील उत्तर झाल्यावर एखादा सभासद उठतो, यादीत नसलेली गोष्ट विचारतो, आणि कचेरीने तयार केलेला कागद हाती धरून उभ्या असलेल्या मंत्र्याला स्वतःच्या बुद्धीने बोलणे भाग पडते. त्या उपप्रश्नाचे कूळ शोधू गेल्यास असे दिसते की तो प्रश्नाबरोबर जन्मलेलाच नाही. तो फार मागाहून, आणि पुष्कळशा नाखुशीने, आपल्याकडे देण्यात आला.

विलायतेत या प्रघाताचा आरंभ १७२१ सालच्या फेब्रुवारीत झाला असे मानतात. साउथ सी कंपनीच्या समभागांचा फुगा फुटून तिचा खजिनदार रॉबर्ट नाइट समुद्रापलीकडे पळाला होता, व त्याला ब्रुसेल्स येथे पकडल्याची वार्ता खरी आहे काय, असे अर्ल काउपर यांनी उमरावांच्या सभेत सरकारला विचारले. ‘हे खरे आहे काय’ या आपल्या नित्यपाठाचा मूळपुरुष तो हाच, आणि तो एका आर्थिक लफड्याच्या पोटी जन्मास आला हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हिंदुस्थानात मात्र सरकारास जाब विचारणे हीच आगळीक समजली जाई. १८५४ मध्ये डलहौसीच्या कारकीर्दीत कलकत्त्यास बसलेले कायदेमंडळ कारभाराविषयी पृच्छा करून जणू एक छोटे पार्लमेंट होऊ पाहत आहे, हे पुढे भारतमंत्री झालेल्या चार्ल्स वुड यांना खपले नाही, आणि १८६१ च्या कायद्याने त्या मंडळाचे काम पुढे मांडलेल्या विधेयकापुरतेच आखून देण्यात आले. प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तो १८९२ च्या कायद्याने, आणि तोही इतक्या बेड्यांसह की त्याला हक्क म्हणावे की मेहेरबानी, असा संभ्रम पडावा: सहा दिवसांची आगाऊ सूचना हवी, प्रश्नात केवळ माहितीची मागणी असावी, युक्तिवाद नसावा, अध्यक्षाला तो नामंजूर करता यावा, आणि मिळालेल्या उत्तरावर पुन्हा तोंड उघडता येऊ नये. या नियमांखाली १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधील भिनगा येथील राजाने पहिला प्रश्न विचारला. त्याचा विषय आजच्याही कोणा आमदाराला शोभेल असा होता. फिरतीवर निघालेल्या सरकारी अंमलदारांच्या डेऱ्यांना रसद पुरविताना खेड्यातील दुकानदारांचे जे हाल होत, त्यांबद्दल त्याने विचारणा केली होती.

हीच तक्रार त्या वर्षी एखाद्या वऱ्हाडी माणसाला करावयाची असती तर ती न्यावी कोठे, हा मोठा पेच पडला असता. १८५३ च्या तहाने निजामाने कंपनी सरकारच्या हवाली केलेला हा मुलूख कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता; धनी हैदराबादचा निजाम, कारभारी तेथलाच इंग्रज रेसिडेंट, आणि सारा भरणारा कुणबी मात्र पूर्णेच्या काठचा. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले, शंकरन नायर त्याचे अध्यक्ष व दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. म्हणजे साऱ्या देशाची गाऱ्हाणी ज्या गावात वेशीवर टांगली जात होती, त्या गावाचे गाऱ्हाणे ऐकण्यास बांधलेले कायदेमंडळ मात्र कोठेच नव्हते. १९०२ मध्ये कर्झन याने सालीना २५ लक्ष रुपयांच्या बोलीने वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढल्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडले. पण त्या प्रांतालाच स्वतःचे कायदेमंडळ १९१४ पर्यंत नव्हते. ते आले तरी वऱ्हाडचे उपरेपण सरले नाही. १९१९ च्या कायद्यानंतरसुद्धा वऱ्हाडात रीतसर निवडणूक होई, मते मोजली जात, आणि निवडून आलेल्या गृहस्थाला सरकार आपल्या सहीने ‘नियुक्त’ करी, कारण परक्या राजाच्या मुलखातील मतदाराने निवडलेला सभासद कायद्याला ओळखता येत नसे! भाड्याच्या घरात राहणाऱ्याने घरमालकाविषयी अवाक्षर काढू नये, तसाच प्रकार नियमांतही होता. संस्थानिकांशी असलेल्या सरकारच्या संबंधांवर प्रश्न वर्ज्य असत, आणि वऱ्हाडचे तर सारे अस्तित्वच अशा एका संबंधावर उभे होते.

उपप्रश्न याच काळात दोन हप्त्यांनी पदरात पडला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच तो विचारण्याची मुभा दिली. १९१९ नंतर ती सर्व सभासदांना मिळाली. १९२१ पासून बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखून ठेवण्यात आला, आणि ज्यास तोंडी उत्तर हवे त्याने आपल्या प्रश्नावर तारा काढावा अशी पद्धत पडली. म्हणजे तारा हे प्रश्नाच्या थोरवीचे चिन्ह नसून उपप्रश्नाचा परवाना आहे. अतारांकित प्रश्नाला उत्तर मिळते, पण ते लेखी, आणि त्यावर पुढे विचारता येत नाही.

माझ्या मते या साधनाची गोडी वऱ्हाडला लवकर लागली याचे श्रेय अमरावतीच्या वकीलवर्गाला दिले पाहिजे. साक्षीदाराची सरतपासणी त्याच्याच वकिलाने घडविलेली असते व सत्य बाहेर पडते ते उलटतपासणीत, हे ज्यांच्या अंगी मुरले होते त्यांना छापील उत्तर व उपप्रश्न यांतील भेद शिकविण्याची गरज नव्हती. गंमत अशी की या मंडळींनी दोन्ही बाजूंची बाके भूषविली. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती मंत्र्यांकडे, तर पोलीस, महसूल इत्यादी राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे असत. अमरावतीचे मोरोपंत जोशी त्या मंडळात गृहखाते सांभाळीत होते. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला या प्रांतात बहुमत मिळाले, आणि पुढल्या वर्षी त्याने मंत्र्यांचा पगार सालीना दोन रुपयांवर आणून ठेवला. मंत्र्याला जाब विचारण्याचा याहून रोकडा मार्ग कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही. राखीव खात्यांच्या अधिकाऱ्याला मात्र ही मात्रा लागू पडत नसे. त्याला प्रश्न विचारता येत, पण खुर्चीवरून हलविता येत नसे.

अशा खुर्चीवर १९२५ मध्ये अमरावतीचेच श्रीपाद बळवंत तांबे जाऊन बसले. ते स्वराज्य पक्षाचे, आणि त्याच वर्षी कायदेमंडळाचे अध्यक्ष झालेले. कोणता प्रश्न ग्राह्य व कोणता उपप्रश्न विषयांतराचा हे ठरविणारा पुरुष काही महिन्यांतच सरकारी बाकावरून उत्तरे देऊ लागला. पक्षाचे पुढारी मोतीलाल नेहरू संतापले, पक्षातल्याच केळकर व जयकर यांना त्यात वावगे दिसले नाही, पक्ष दुभंगला, आणि १९२६ च्या आरंभी अकोल्यास भरलेल्या बैठकीत प्रतियोगी सहकारितेच्या पक्षाची उभारणी झाली. तांब्यांनी बरे केले की वाईट, हा वाद वऱ्हाडात दीर्घकाळ चालला. मला त्यात एवढेच दिसते की विचारणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याच्या जागी बसण्याचा मोह त्या पिढीतील कर्त्या माणसांना आवरला नाही, आणि तो सर्वस्वी निंद्यही नव्हता. पाठोपाठ रामराव देशमुख मंत्री झाले, व १९३० मध्ये पंजाबराव देशमुख.

पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला, आणि प्रांताच्या शिक्षण व शेती खात्यांची उत्तरे देऊ लागला. ऋणको शेतकऱ्यांसाठी कर्जलवादाचा कायदा त्याच सभेने १९३३ मध्ये संमत केला. पुढे १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्रीय मंत्रिमंडळात शेतीखाते सांभाळीत होते. त्याच दशकात उपप्रश्नाने आपले खरे सामर्थ्य दाखविले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये का गुंतविले, या लोकसभेतील १९५७ मधील पृच्छेला मिळालेल्या सावध उत्तरांनी कोणाचे समाधान होईना. सभासद फिरोज गांधींनी तो धागा सोडला नाही, न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले.

१९५३ च्या नागपूर करारात वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरास भरविण्याचे ठरल्याने वऱ्हाडचा प्रश्न आता फार दूर जात नाही. सभासदाची सूचना विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातील खात्याकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्याकडे, तहसीलदाराकडे आणि बहुधा शेवटी तलाठ्याकडे उतरते, आणि त्याच पायऱ्यांनी उत्तर वर चढते. त्यासोबत संभाव्य उपप्रश्नांसाठी एक टिपणी जोडलेली असते. तीही अपुरी पडली तर मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी येते, आणि चिठ्ठीही न आली तर मंत्री म्हणतात, माहिती घेऊन ती पटलावर ठेवण्यात येईल. पूर्वी हे वाक्य म्हटले की सुटका होई. तेव्हा १ डिसेंबर १९५३ रोजी, मावळणकर अध्यक्ष असताना, लोकसभेने आश्वासन समिती नेमली. विलायतेचा दाखला नसलेली ही आपली स्वतःची युक्ती, जी पुढे राज्यांनीही उचलली. सभागृहात मंत्र्याने ‘करू’ म्हटले की ही समिती ते टिपून घेते व त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत आश्वासनपूर्तीची मुदत तीन महिन्यांची आहे, आणि मुदतवाढ मागणारी खात्यांची पत्रे हा त्या समितीच्या दप्तरातील एक भरगच्च भाग झाला आहे.