रिकामी निवड म्हणजे शून्य नव्हे

मार्च 2020 मध्ये देशातील कोविड रुग्णांची राज्यनिहाय संख्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एका तक्त्यात दिसत असे. माणसाला ती सहज वाचता येई. संगणकाला मात्र एचटीएमएलमधून वेचून काढावी लागे. अनेक प्रोग्रामरांनी स्वयंस्फूर्तीने ते काम केले. या वेचणीच्या साधनाचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे, कारण त्याचा एक जन्मजात स्वभाव विज्ञानाला घातक ठरू शकतो.

या साधनात दोन प्रवाह एकत्र आले. पहिला सिलेक्टरचा. 1994 मध्ये सर्नमध्ये काम करणाऱ्या होकून व्हियुम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली; 1996 मध्ये तिचे पहिले मानक आले. कोणत्या घटकाला कोणता रंग, कोणता टंक, हे सांगणे एवढेच सिलेक्टरचे काम होते. दुसरा प्रवाह पार्श्वभूमीवर चालणाऱ्या विनंतीचा. आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने घडवलेली ही सोय 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 सोबत आली. 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. 2006 मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने दोन्ही प्रवाह सामान्य प्रोग्रामरच्या हाती एकत्र दिले.

सजावटीचा नियम कोणालाच लागू झाला नाही, तर तो मुकाट्याने सोडून देणे योग्यच. जेक्वेरीने हाच सोशिकपणा उचलला: घटक सापडला नाही तर त्रुटी नाही, केवळ रिकामा संच. उत्तरातील सर्वांत बाहेरचाच घटक हवा असेल, तर ‘फाइंड’ त्याला वगळून फक्त त्याच्या पोटात शोधते. तेथे ‘फिल्टर’ लागते. उत्तर येण्यापूर्वीच निवड केली, किंवा संकेतस्थळाने रचना बदलली, तरी परिणाम तोच: रिकामा संच, आणि पूर्ण शांतता.

भौतिकशास्त्रात शोधक-यंत्र बंद असणे आणि कण न सापडणे या दोन वेगळ्या नोंदी असतात. वेचलेल्या आकडेवारीत मात्र ‘सापडले नाही’ सहज ‘शून्य’ होऊन आलेखात बसते. म्हणून निवडीनंतर घटक किती मिळाले हे आधी मोजावे, आणि अपेक्षेपेक्षा कमी असतील तर प्रोग्राम तेथेच थांबवावा.

खरा उपाय मात्र उगमापाशी आहे. सार्वजनिक माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्यावी, ही भूमिका आपल्या राष्ट्रीय माहिती-सामायिकीकरण धोरणाने 2012 मध्येच घेतली. ती पाळली गेली, तर देशाचे आकडे सजावटीच्या खुणांवरून वेचण्याची वेळ कोणावर येणार नाही.