समुद्रतळाची नोंदवही : मूठभर गाळापासून किनाऱ्याचा नकाशा कसा होतो?

देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या कुठल्याही जुन्या तांडेलाला विचारा. किती वावावर चिखल लागतो, कुठे वाळू आहे आणि कुठल्या खडपावर जाळं फाटतं, हे तो न बघता सांगेल. कोळंबी चिखलात, शेवंड खडपात, हे आपल्याकडे शाळेत न जाताही कळतं. ही सगळी माहिती डोक्यात असते, कागदावर नसते. कागदावर ती आणायची असेल तर समुद्रतळाचा गाळ वर काढावा लागतो, तपासावा लागतो आणि प्रत्येक नमुन्याची नीट नोंद ठेवावी लागते. जेटी, बंदर, गाळ उपसणे, समुद्रातली केबल अशा प्रत्येक कामाच्या अहवालात याच नोंदींच्या आधारे ‘तळ असा आहे’ असं लिहिलेलं असतं. म्हणून ही नोंद कशी होते, ते किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असलेलं बरं.

नकाशावरची अक्षरं

नौकानयनाच्या नकाशावर खोलीच्या आकड्यांजवळ छोटी इंग्रजी अक्षरं दिसतात. ‘एस’ म्हणजे वाळू, ‘एम’ म्हणजे चिखल, ‘सीवाय’ म्हणजे चिकणमाती, ‘एसएच’ म्हणजे शिंपले आणि ‘आर’ म्हणजे खडक. नांगर कुठे धरेल आणि कुठे घसरेल, हे जहाजाच्या कप्तानाला त्यावरून कळतं. आपल्या देशात हे नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं.

पूर्वी ही माहिती काढायची रीत साधी होती. दोरीला शिशाचं वजन बांधायचं, वजनाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायची आणि वजन खाली सोडायचं. दोरीवरून खोली कळायची आणि चरबीला चिकटून जे वर येईल त्यावरून तळ कळायचा. काहीच चिकटलं नाही तर खाली खडक असावा, असं धरायचे.

आता जहाजावरून ध्वनिलहरी सोडून एका दमात तळाचा रुंद पट्टा मोजता येतो. परतणाऱ्या आवाजाच्या जोरावरून तळ कडक की मऊ, याचा अंदाजही येतो. पण हा अंदाजच. शिंपल्यांचा थर आणि जाड वाळू यांचे प्रतिध्वनी सारखे वाटू शकतात. खाली नक्की काय आहे, ते नमुना हातात आल्याशिवाय ठरत नाही.

नमुना कसा घेतात?

सर्वात जास्त वापरात असलेलं साधन म्हणजे ग्रॅब. दोन जबड्यांची लोखंडी बादलीच म्हणा. तळाला टेकली की कुलूप सुटतं आणि वर ओढताना जबडे मिटून गाळ आत येतो. यातला ‘व्हॅन व्हीन’ ग्रॅब १९३३ साली नेदरलँड्समधल्या योहान व्हॅन व्हीन या अभियंत्याने बनवला. तो आजही जगभर चालतो.

ग्रॅबला फक्त वरचा थर मिळतो. खालचे थर हवे असतील तर वजनदार नळी गाळात घुसवून उभा दांडा बाहेर काढतात. त्याला कोअर म्हणतात. वाळूत नुसत्या वजनाने नळी शिरत नाही, तिथे कंप देणारी नळी लागते.

यात एक खोच आहे. जबड्यात शिंपला किंवा दगड अडकला तर ग्रॅब पूर्ण मिटत नाही. वर येताना बारीक चिखल धुऊन जातो आणि वाळू तेवढी शिल्लक राहते. असा नमुना ‘वाळू’ म्हणून नोंदवला गेला, तर चिखलाच्या जागी नकाशावर वाळू येते. म्हणून जबडा मिटला होता की नाही, हे लिहावंच लागतं. ग्रॅब रिकामा आला तर तेही लिहायचं. दोन-तीन वेळा टाकूनही हाती काही लागलं नाही, तर खाली बहुधा खडक आहे. रिकामी खेप लिहिली नाही, तर ‘तिथे कोणी गेलंच नाही’ आणि ‘तिथे खडक आहे’ यात नंतर फरकच उरत नाही.

नोंदीत काय काय असतं?

खालची नोंद फक्त समजण्यासाठी तयार केली आहे, ती कुठल्या खऱ्या नमुन्याची नाही.

- नमुना क्रमांक : मालवण-ग्रॅब-०१७
- दिनांक व वेळ : १२ डिसेंबर, सकाळी ९.४०
- जागा : १६° ०२.५′ उत्तर, ७३° २१.०′ पूर्व
- जागा कशी ठरवली : जीपीएस, डब्ल्यूजीएस-८४ पद्धत
- खोली : २४ मीटर, भरतीची दुरुस्ती केलेली
- साधन : व्हॅन व्हीन ग्रॅब, दुसरी खेप, जबडा पूर्ण मिटलेला
- डोळ्यांना दिसलेलं : हिरवट करडा मऊ चिखल, थोडे शिंपल्यांचे तुकडे, सडका वास
- वाटणी : एक पिशवी कण मोजण्यासाठी, एक रसायनांसाठी, एक राखीव
- साठवण : शीतकपाटात, ४ अंश सेल्सिअस

प्रत्येक ओळीला कारण आहे. रंग तिथल्या तिथे लिहायचा, कारण हवा लागल्यावर तो बदलतो. त्यासाठी रंगांच्या ठरलेल्या पट्टीशी नमुना जुळवून बघतात, म्हणजे एकाचा ‘करडा’ आणि दुसऱ्याचा ‘काळपट’ असा घोळ होत नाही. वासही लिहायचा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर गाळात प्राणवायू नाही, हे कळतं. भरतीची वेळ लिहायची, कारण उधाणाला आपल्याकडे पाण्यात दोन-अडीच मीटरचा फरक पडतो.

महिनाही महत्त्वाचा. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू आत ओढून नेतात आणि नंतर ती हळूहळू परत येते. मे महिन्यातला आणि ऑक्टोबरमधला किनारा एक नसतो, तसाच किनाऱ्यालगतचा तळही एक नसतो.

सगळ्यात महाग चूक

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागा लिहिताना. १६ अंश ३० मिनिटं ही जागा कोणी घाईत ‘१६.३०’ अशी लिहिली आणि संगणकावर दुसऱ्याने ती दशांश समजून भरली, तर काय होईल? ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणून बरोबर आकडा १६.५० हवा होता. फरक ०.२० अंशाचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, त्या हिशोबाने नमुना २२ किलोमीटर दक्षिणेला सरकला! देवगड तालुक्यातला चिखल मालवणच्या बाजूला जाऊन बसला. गाळ खरा, तपासणी खरी, आणि नकाशा खोटा.

जुन्या नमुन्यांची अडचण आणखी वेगळी आहे. उपग्रहांची सोय नव्हती तेव्हा किनाऱ्यावरचे डोंगर, दीपगृह, देवळाचा कळस यांचे कोन मोजून जागा ठरवत. पुढे जीपीएस आलं, पण सामान्य वापराच्या यंत्रांना मे २००० पर्यंत मुद्दाम कमी अचूक संदेश मिळत होता. तेव्हा १०० मीटरपर्यंतची चूक धरूनच चालावं लागे. म्हणून नुसते अंश-मिनिटं पुरत नाहीत, ते कसे काढले हेही लिहावं लागतं. ते लिहिलं असेल तर जुना नमुना आजही कामाचा.

प्रयोगशाळेत काय होतं?

गाळाला नाव मिळतं ते कणांच्या आकारावरून. २ मिलिमीटरपेक्षा मोठे कण म्हणजे खडे-गोटे. २ ते ०.०६३ मिलिमीटर म्हणजे वाळू. त्याखाली ०.००४ मिलिमीटरपर्यंत गाळवट, म्हणजे सिल्ट. त्याहून बारीक ती चिकणमाती. ही मापं १९२२ साली चेस्टर वेंटवर्थ यांनी मांडलेल्या पद्धतीची आहेत.

आधी पाण्याने धुऊन मीठ काढतात. मग ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर ओला नमुना चाळतात. वर राहिली ती वाळू, ती पुढे आणखी चाळण्यांतून काढतात. खाली गेलेला चिखल पाण्याने भरलेल्या नळकांड्यात ढवळून ठेवतात. मोठा कण लवकर खाली बसतो, बारीक उशिरा. ०.००२ मिलिमीटरच्या कणाला १० सेंटिमीटर खाली उतरायला साधारण आठ तास लागतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून थोडं पाणी काढून सुकवायचं आणि वजन करायचं. हल्ली लेझरवर चालणारी यंत्रं हेच काम काही मिनिटांत करतात. पण दोन्ही पद्धतींचे आकडे, विशेषतः चिकणमातीचे, तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून कोणती पद्धत वापरली, तेही नोंदवहीत हवंच.

शिंपल्यांचा चुना किती, ते आम्ल टाकून बघतात. काळ्या वाळूतले जड कण वेगळे काढून मोजतात. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरी या उपसागरांत इल्मेनाइट आहे, हे अशाच नमुन्यांवरून तपासलं गेलं. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची झीज होऊन हे खनिज नद्यांवाटे समुद्रात येतं.

आपल्या समुद्राचा तळ कसा आहे?

हजारो नमुने एकत्र मांडले की चित्र दिसू लागतं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला अगदी लागून वाळूची पट्टी आणि मधे मधे खडप. त्याच्या बाहेर नद्या-खाड्यांनी आणलेल्या चिखलाचा रुंद पट्टा. मग गंमत होते. साधारण ५०-६० मीटर खोलीच्या पुढे पुन्हा वाळू लागते, आणि तीही शिंपल्यांची, चुन्याची.

एवढ्या लांब वाळू कशी गेली? ती गेली नाही, ती तिथलीच आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. पुढे पाणी चढत गेलं आणि वाटेतले जुने किनारे बुडाले. आज नद्यांचा चिखल तिथवर फारसा पोचत नाही, म्हणून ती जुनी वाळू उघडी राहिली आहे. आपल्या होड्या ज्या पाण्यावरून जातात, त्याच्या खाली एके काळची पुळण आहे.

नमुने कोण सांभाळतं?

गोव्यात दोनापावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली. तिचं ‘सिंधु साधना’ हे जहाज २०१४ पासून काम करतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा सागरी विभाग मंगळूरहून चालतो, त्यांच्याकडे ‘समुद्र रत्नाकर’ आहे.

खोल समुद्रातल्या नमुन्यांची शिस्त आणखी कडक असते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय मोहीम क्रमांक ३५५ ने अरबी समुद्राचा तळ छेदला. त्यातल्या नमुन्यावर ‘३५५-यू१४५६ए-१०एच-३डब्ल्यू, ५०-५२’ असा क्रमांक असेल, तर तो पत्त्यासारखा वाचायचा. मोहीम ३५५, ठिकाण यू१४५६, पहिलं छिद्र, दहावा कोअर, तिसरा तुकडा, त्याचा कामासाठी ठेवलेला अर्धा भाग, ५० ते ५२ सेंटिमीटर. प्रत्येक कोअर उभा चिरतात. एक अर्धा तपासायला, दुसरा जपून ठेवायला. हिंदी महासागराच्या या मोहिमांतले कोअर जपानमधल्या कोची इथे ठेवतात. हे कोची वेगळं, केरळचं नव्हे.

आपल्याला याचं काय?

२८ नोव्हेंबर २०२४ ला केंद्र सरकारने समुद्रातल्या खनिजांचा पहिला लिलाव जाहीर केला. एकूण १३ पट्टे होते. तीन गुजरातसमोर चुनखडीच्या गाळाचे, तीन केरळसमोर बांधकामाच्या वाळूचे आणि सात ग्रेट निकोबारजवळ. केरळच्या मच्छीमार संघटनांनी विरोध केला. महाराष्ट्राचा पट्टा त्यात नव्हता. पण समुद्राखाली किती वाळू आहे, हे कुठून कळतं? सर्वेक्षणाने घेतलेल्या नमुन्यांतूनच. जिथे मासे आहेत तिथे कुणाला वाळू दिसते, आणि दोघांचा पुरावा एकाच गाळात असतो.

मोठ्या बंदरांसारख्या ज्या प्रकल्पांना पर्यावरण अधिसूचना २००६ नुसार जनसुनावणी लागते, तिथे ती आपल्या जिल्ह्यातही होते. अहवाल जाडजूड असतो. सगळा वाचणं जमत नसेल तर तळाच्या गाळाचं प्रकरण काढा आणि एवढं विचारा :

१. किती जागांवरून नमुने घेतले? दोन जागांमधलं अंतर किती?
२. कुठल्या महिन्यात घेतले? पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घेतले का?
३. ग्रॅबने घेतले की कोअरने? उपसा तीन मीटर होणार असेल तर वरच्या वीतभर गाळाची तपासणी पुरेशी नाही.
४. रिकाम्या आलेल्या खेपा नोंदल्या आहेत का?
५. नकाशावर रंग भरलेला भाग प्रत्यक्ष नमुन्यावरून आहे, की दोन नमुन्यांच्या मधला अंदाज आहे?

पाचवा प्रश्न विसरू नका. दोन ठिपक्यांवर चिखल सापडला की संगणक मधली सगळी जागा चिखलाच्या रंगाने भरून टाकतो. मधे एखादं खडप असेल, तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेवंड मिळत असेल, पण तिथे ग्रॅब पडलाच नसेल तर नकाशावर ते खडप नाही. तांडेलाला ते माहीत असतं. त्याने जागा, वाव आणि महिना लिहून हरकतीच्या अर्जात दिला, तर तीही नोंदच झाली.